रानाचा विसावा कोणाच्या जिवावर?

कडोदऱ्याच्या गिरण्यांत कामाला आलेली आपल्यातली कित्येक कुटुंबे मूळची खानदेशातली. दुष्काळात गावचे गायरान उघडे पडलेले त्यांनी पाहिले आहे. पुढे पाऊस पडतो, पण गवत का परतत नाही?

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील सीडर क्रीक येथे 1988 साली कडक दुष्काळ पडला. डेव्हिड टिलमन व जॉन डाउनिंग यांनी तेथील गवताचे वाफे तपासून 1994 साली निष्कर्ष मांडला. अनेक जातींची गवते एकत्र वाढलेले वाफे कमी सुकले व पुरतेपणी सावरले. नत्रखताने जेथे मोजक्याच जाती उरल्या होत्या, तेथे फार हानी झाली. (दोष खताचा की जाती घटल्याचा, असा वादही पुढे झाला.) एकाची मुळे खोल, दुसऱ्याची उथळ, एक वाळले तरी दुसरे माती धरून ठेवते. आपल्या माळावर मारवेल, पवन्या ही गोड गवते गुरे आधी खातात. उसंत मिळाली नाही की ती संपतात व कुसळी तेवढी माजते.

म्हणून रानाला विसावा हवा. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने 1990 नंतर तो दिला. मोकाट चराई बंद, कुऱ्हाड बंद; गवत विळ्याने कापून न्यायचे. पाणी अडवण्याचीही कामे झाली आणि डोंगर पुन्हा गवताळ झाले.

हे आम्हाला मान्यच आहे. पण कापलेले गवत गोठा असलेल्याच्या दावणीला जाते. जिची शेळी गायरानावरच जगते, तिचे काय? शब्बाथशाळेत आपण सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याचा नियम शिकवतो. निर्गम 23 मध्ये त्या वर्षीचे आपोआप उगवलेले आधी गरिबांचे, उरलेले वनपशूंचे आहे. तेवढा भाग आपण घाईने वाचतो. आमच्या मते, बंदी घालणाऱ्या गावाने पहिल्या कापणीचा वाटा शेळीवाल्यांच्या दारात नेऊन टाकावा; मागायला लावू नये.

आमच्या माहितीच्या एका गावात चराईबंदी ठरली, तेव्हा एका विधवेला कोणी विचारले नाही. तिने चारही शेळ्या विकल्या. तिसऱ्या वर्षी तेथे कमरेएवढे गवत आले. तोवर ती मुलाकडे कडोदऱ्याला येऊन राहिली होती.