नळ आणि न्याय

भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे आजही कोणास सांगता येत नाही. तो झालाच तर शहराच्या जलवाहिन्या किती ठिकाणी फुटतील, याचा अंदाज मात्र बांधता येतो. जमीन किती वेगाने हलेल, ती कातळाची की भरावाची, नळ ठिसूळ बिडाचा की पोलादाचा, त्याचे सांधे ताठ की लवचीक, हे ठाऊक असले म्हणजे दर किलोमीटरमागे किती जागी नळ फुटेल याचे गणित मांडता येते. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत नळ तुटले, पाणी मिळेना आणि आग तीन दिवस भडकत राहिली. १९९५ साली जपानातील कोबे शहरातही असंख्य नळ फुटले. पण सांधा सरकला तरी निसटणार नाही असे खास नळ जेथे आधीच पुरले होते, तेथे ते टिकले.

साजगावकरांस हे दूरचे वाटू नये. आपल्याच खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी मोठमोठ्या नळांतून नवी मुंबईस जाते. डोंगरपायथा सोडून खाडीकाठच्या मऊ जमिनीकडे. १९६७ च्या कोयना भूकंपाचा हादरा मुंबईपर्यंत जाणवला होता. आणि १९९३ पूर्वी किल्लारीस धोक्याचे ठिकाण कोण म्हणत होते?

अभियंत्याचे गणित येथवर. पुढचा प्रश्न नीतीचा आहे. पैसा तुटपुंजा, मग कोणाचे नळ आधी बदलावेत? गणित म्हणते, जेथे फुटण्याच्या जागा अधिक, तेथे. परंतु दाट वस्तीत टँकर सायंकाळपर्यंत पोहोचतो. शेवटच्या टोकाच्या वाडीत नळ एकाच जागी फुटतो आणि दिवसेंदिवस तसाच राहतो. इस्पितळाचा नळ आणि बागेचा नळ कागदावर तर सारखेच! आम्हांस वाटते, फुटलेल्या जागा न मोजता पाण्यावाचून जाणारे दिवस मोजावेत, आणि मोजणी जिला हंडा उचलवत नाही अशा म्हातारीच्या घरापासून सुरू करावी.

कोणी म्हणेल, न आलेल्या भूकंपासाठी आजच्या तहानेचा पैसा का अडकवावा? आक्षेप रास्त आहे. पण उद्या जो जुना, गंजका नळ प्रथम फुटेल, तो बहुधा आजही रस्त्याकडेला गळत असतो. अंदाज हाती नव्हता तोवर अज्ञानाची सबब चालत होती. नकाशावर धोक्याची रेघ उमटल्यावर एखादी वाडी शेवटी ठेवणे हा निर्णय ठरतो. असा नकाशा जेव्हा होईल, तेव्हा तो कचेरीच्या कपाटात न ठेवता ग्रामसभेत मांडावा, एवढे तरी नळाकाठच्या माणसांनी मागावे.