पादुकाही रथातूनच जातात

आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट लाखो वारकरी पायी चालतात, पण ज्यांच्या नावाने हा सोहळा चालतो त्या माउलींच्या पादुका बैलजोडीच्या रथातून जातात. पादुका ही चालण्याचीच खूण, आणि तीच चाकांवर आहे. यात कोणाला विसंगती वाटत नाही. मग गुडघे झिजलेले, अर्धांगवायूतून उठलेले किंवा पोलिओने पाय अधू झालेले माणूस बॅटरीवरच्या मोबिलिटी स्कूटरवरून देवाच्या दारी गेले, तर त्याचे जाणे उणे का ठरावे? प्रश्न वरवर सोयीचा दिसतो, पण मुळाशी तो धर्माचा आहे. यात्रा कोणाची, पायांची की जाणाऱ्याची? माझे म्हणणे असे की, जो जायचे ठरवतो त्याची ती यात्रा; आणि म्हणूनच कशावर बसून जायचे, हेही त्यानेच ठरवले पाहिजे.

'वारी' या शब्दात पाय नाहीत, नेम आहे. पुन्हा पुन्हा जाणे-येणे आहे. कूर्मदासाची कथा याहून पुढे जाते. हातपाय नसलेला हा पैठणचा भक्त सरपटत, लोळत पंढरीला निघाला आणि लऊळपर्यंतच पोहोचला. तेव्हा विठ्ठलच त्याला भेटायला आला. शरीराने कापलेले अंतर हेच माप असते, तर ही कथा अपुऱ्या वारीची ठरली असती. संप्रदायाने मात्र ती पुरी झालेली वारी म्हणून जपली. इतर धर्मांतही हा विचार सापडतो. पैगंबरांनी उंटावर बसून काबागृहाची प्रदक्षिणा केल्याचे हदीसमध्ये नोंदलेले आहे, आणि प्रकृती ठीक नसलेल्या पत्नी उम्म सलमा यांना त्यांनी वाहनावरून प्रदक्षिणा करायला सांगितले. आज मक्केच्या मशिदीत त्यासाठी विजेवरच्या गाड्या मिळतात. यहुदी धर्मात अडचण आणखी बिकट. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, सनातनी मताने वीज चालू-बंद करणे निषिद्ध. कोकणातल्या तेल गाळणाऱ्या बेने इस्रायली यहुद्यांना 'शनवार तेली' म्हणत, ते याच दिवशी घाणा बंद ठेवत म्हणूनच. झोमेत या इस्रायली संस्थेने अशा दिवसासाठी वेगळी स्कूटर बनवली. तिच्यात बसणाऱ्याच्या हाताने विजेचा प्रवाह थेट सुरू होत नाही. यंत्र ठरावीक काळाने स्वतः तपासणी करते आणि मग हलते. ही पळवाट सर्व रब्बींना पटलेली नाही. तरी तिच्यामागची धडपड बोलकी आहे: नियम मोडायचा नाही आणि माणसाला घरी कोंडायचेही नाही.

यावर पहिला आक्षेप कष्टाचा. देहाला झिजवल्याशिवाय भक्ती कसली? पण कष्ट दोघांचे सारखे नसतात. धडधाकट माणसाच्या एका मुक्कामाएवढी ताकद एखाद्याला खाटेवरून उठून आसनावर बसण्यातच खर्चावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सोय झाली की चालू शकणारेही बसतील. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच इस्लामी शास्त्रकार असमर्थाला मोकळीक देताना समर्थाच्या बाबतीत वाद घालतात. वैद्यकाचाही इशारा असाच आहे. न वापरलेले स्नायू लवकर क्षीण होतात. मोबिलिटी स्कूटर मुळात थोडे चालता येणाऱ्या, पण लांबवर न जाऊ शकणाऱ्या माणसासाठी असते. तिच्यावर ताठ बसता आले पाहिजे, हँडल धरता आले पाहिजे, चढता-उतरता आले पाहिजे. हे जमत नसेल तर विजेवरची चाकाची खुर्ची बरी. तेव्हा घरातली दहा पावले पायांनीच टाकावीत आणि पुढचा मैल चाकांवर सोडावा, हा विवेक आहे, आळस नव्हे.

तिसरा आक्षेप सेवेचा. मुलाने बापाची खुर्ची ढकलण्यात पुण्य आहे, ते यंत्राने हिरावले असे म्हणतात. पण ढकलणारा चांगला असला, तरी कुठे थांबायचे, कीर्तनात किती वेळ रमायचे, गर्दीतून केव्हा निघायचे हे बहुधा तोच ठरवतो. ज्याची सेवा करायची त्याची इच्छाच मागे पडली, तर ती सेवा उरते की नुसती वाहतूक? स्कूटर आल्यावरही सेवेला जागा उरतेच: बॅटरी चार्ज करणे, पायरीवरून गाडी उचलणे, सोबत चालणे.

स्कूटर खरेदीच्या वेळीही हीच इच्छा मागे पडते; चूक बहुधा होते ती निवडणाऱ्याबाबत. घरचे लोक किंमत आणि रंग पाहून गाडी आणतात, आणि तीन चाकांची की चार, हे तिच्यावर बसणाऱ्याला कोणी विचारतही नाही. तीन चाकांची गाडी अरुंद बोळात सहज वळते, चार चाकांची खडबडीत उतारावर अधिक स्थिर राहते. कंपनी सांगते तेवढे अंतर सपाट रस्त्यावर आणि नव्या बॅटरीवर मिळते. चढ, वजन आणि जुनी बॅटरी ते घटवतात. दाराची रुंदी किती, गाडीचे भाग सुटे करून मोटारीत टाकता येतात का, सर्वांत जड भाग कोण उचलणार, यांची उत्तरे त्या माणसाच्या रोजच्या वाटेवरूनच मिळतात. ती वाट देवळाकडे जाते, बाजाराकडे जाते की मैत्रिणीच्या ओट्याकडे, हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक? तेव्हा आधी त्यालाच त्या गाडीवर बसवून ती त्या वाटेवर चालवू द्यावी आणि मगच पैसे मोजावेत. कूर्मदासाला पंढरीला कोणी नेले नव्हते. तो स्वतः निघाला होता, म्हणून देवाला वाटेत त्याची गाठ घेता आली.