खलनायक कुठून आणायचा?

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकातली विषकन्या रंगभूमीवर कधी येत नाही. तिच्याविषयी आपण नुसते ऐकतो. अमात्य राक्षसाने तिला चंद्रगुप्तासाठी पाठवलेली असते, चाणक्य तिला पर्वतकाकडे वळवतो आणि मरतो तो पर्वतक. अभयदत्त नावाचा वैद्य चंद्रगुप्तासाठी औषधात विष कालवतो, तर चाणक्य ते त्या वैद्यालाच प्यायला लावतो. हेर, वेषांतर, पळवलेली मुद्रा, खोटी पत्रे असा सगळा मसाला त्या नाटकात आहे. आजच्या कुठल्याही हेरकथेला त्यात भर घालण्यासारखे फारसे उरलेले नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या नाटकातल्या प्रत्येक विषावर पत्ता लिहिलेला आहे. कुणी पाठवले, कुणासाठी पाठवले आणि वाटेत कुणी वळवले, हे सारे ठाऊक असते. म्हणून तर त्याची गोष्ट होऊ शकते.

हे आठवायला कारण घडले माझ्या भाच्यामुळे. तो भोपाळला असतो, दूरचित्रवाणीच्या मालिकांसाठी लिहितो. रोगजंतूंच्या घातपातावरच्या एका इंग्रजी हेरकादंबरीचे मालिकेत रूपांतर करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. पळवलेली कुपी, परकीय हेर, बहात्तर तासांची मुदत आणि शेवटच्या मिनिटाला वाचणारे शहर, असा तिचा साचा. निर्मात्यांना ते शहर भोपाळ हवे होते. एक तर तिथे जनावरांच्या घातक रोगांवर काम करणारी, कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळा आहे. आणि दुसरे, भाच्याच्याच शब्दांत सांगायचे तर, “मामा, भोपाळ म्हटलं की लोकांना विष समजावून सांगावं लागत नाही.” त्याने मला विचारले, यात गैर काय आहे?

प्रश्न वाटला तेवढा सोपा नव्हता. मी स्वतः बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेला माणूस आहे. रहस्यकथेला नाक मुरडणाऱ्यांपैकी नव्हे. आणि जंतूंनी माणूस मारण्याची गोष्ट निव्वळ कल्पनेतली आहे, असेही नाही. २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्टेशनवर पाकूरच्या जमीनदार घराण्यातल्या अमरेंद्र पांडे या तरुणाच्या दंडाला, गर्दीत धक्का देऊन गेलेल्या एका माणसाने काहीतरी टोचले. ४ डिसेंबरला तो गेला. रक्तात प्लेगचे जंतू सापडले. ते जंतू आले होते आपल्या मुंबईहून. सावत्र भाऊ बिनयेंद्र आणि त्याचा डॉक्टर मित्र तारानाथ यांनी हाफकिन संस्था व आर्थर रोडचे संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय येथे खटपटी करून ते मिळवले होते, उंदरांवर पारखून घेतले होते. दोघांना फाशीची शिक्षा झाली, पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. सुई टोचणारा माणूस मात्र सापडलाच नाही. या खटल्यावर कुणी मालिका काढली तर मी पहिल्या रांगेत बसून पाहीन आणि मला त्यात काडीचाही अपराध वाटणार नाही. इथे विषाला पत्ता आहे, हेतू आहे, इस्टेटीचा लोभ आहे.

भोपाळचे तसे नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट झोपलेल्या शहरावर पसरले. कुणीतरी मिरच्या जाळतो आहे असे लोकांना वाटले. आमच्या एक नात्यातल्या मावशी तेव्हा जुन्या भोपाळात राहत होत्या. त्यानंतर आयुष्यभर त्यांच्या घरी मिरचीची खमंग फोडणी पडली नाही. त्या काही सांगत नसत, फक्त स्वयंपाकघरातून उठून बाहेर जाऊन बसत. मेलेल्यांचा आकडा सरकारी कागदांतच दोन हजार दोनशे एकोणसाठपासून वाढत पाच हजारांच्या वर गेला. संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात.

आता ही गोष्ट मालिकेत घालायची तर खलनायक कोण? वायू थंड ठेवणारे शीतकरण यंत्र खर्च वाचवण्यासाठी काही महिने आधीच बंद केलेले होते. गळणारा वायू निकामी करणारे यंत्र चालू स्थितीत नव्हते. तो जाळून टाकणाऱ्या उंच मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. पाण्याचे फवारे होते, पण वायू जिथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत ते पोचतच नव्हते. प्रत्येक पाळीतली माणसे कमी केलेली, रात्रपाळीचा देखभाल-पर्यवेक्षक जेमतेम आठवड्यापूर्वी काढून टाकलेला. आणि यंत्रांच्या सूचना-पुस्तिका इंग्रजीत, कामगार हिंदी बोलणारे. दोन भाषांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करणे म्हणजे काय, हे आपल्याकडे सातबाऱ्यापासून ठाऊक आहे. यातल्या एकाही निर्णयामागे माणसे मारण्याचा हेतू नव्हता. प्रत्येकामागे एक टिपणी होती, एक बचत होती, एक ‘पुढच्या महिन्यात बघू’ होते. कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर रोखायचा?

पण खलनायक शोधण्याचे काम आधीच एकाने केले होते, आणि ते करणारी होती खुद्द कंपनी. १९८८ साली कंपनीसाठी काम करणाऱ्या आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेचे अशोक कालेलकर यांनी एक शोधनिबंध मांडला. नाराज झालेल्या एका कामगाराने टाकीला थेट नळी जोडून मुद्दाम पाणी सोडले, असे त्याचे सार. म्हणजे घातपात. या आरोपावरून कुणावर कधी खटला उभा राहिला नाही. तरीही ‘घातपात’ ही कंपनीची कायमची भूमिका राहिली. कामगारांचे म्हणणे वेगळे, की नळ्या धुताना पाणी अडवणारी चकती बसवलेलीच नव्हती. मी अभियंता नाही, नळीचा वाद मी सोडवू शकत नाही. परंतु साधा हिशेब मला कळतो. क्षणभर घातपाती खरा मानला, तरी चार पहारेकरी एकाच वेळी झोपलेले का होते, याचे उत्तर त्याच्याकडून मिळत नाही. ते मालकालाच विचारावे लागते. घातपात्याची गोष्ट रंगात आली की हा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि तिचा खरा उपयोग तोच.

हेरकथेविषयीची माझी अडचण इथून सुरू होते. दुष्टाचा हेतू ही तिची गरज आहे, आणि ज्यांना जबाबदारी टाळायची असते त्यांचीही नेमकी तीच गरज असते. २०१९ साली गाजलेल्या ‘द फॅमिली मॅन’ या मालिकेचे पहिले पर्व शेवटी एका रासायनिक कारखान्यावर येऊन ठेपते. अतिरेकी तिथला वायू शहरावर सोडू पाहतात. मालिका चांगली आहे, मीही ती एका रात्रीत संपवली. पण तिथे घातपाती कारखान्याला हत्यार करतात, आणि भोपाळात कारखान्याने घातपात्याला ढाल केले. पहिली गोष्ट शंभरदा पाहिलेल्या माणसाला दुसरी पटकन पटते.

उलटही घडते म्हणा. त्याच १९८४ साली, सप्टेंबर-ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या एका लहान गावातली ७५१ माणसे आजारी पडली. भोपाळशेजारच्या रायसेन जिल्ह्यात जन्मलेल्या, पुण्याला आश्रम काढलेल्या रजनीशांच्या तिथल्या शिष्यांनी, निवडणुकीच्या राजकारणापायी, उपाहारगृहांतल्या कच्च्या भाज्यांवर जंतू शिंपडले होते. कुणी दगावले नाही. तिथल्या आरोग्य खात्याने आधी दोष दिला तो उपाहारगृहांतल्या नोकरांच्या अस्वच्छतेला. मुद्दाम केलेले कृत्य वर्षभर हलगर्जीपणा म्हणून खपले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत भोपाळात जो हलगर्जीपणा झाला, तो पुढे मुद्दाम केलेले कृत्य म्हणून खपवायचा प्रयत्न झाला. दोन्हीकडे बोट रोखले गेले ते पगारावर राबणाऱ्या माणसाकडे.

“मग भोपाळवर कुणी लिहूच नये का?” भाच्याने विचारले. तसे मी म्हणत नाही. न लिहिण्याने कुणाचे भले झालेले नाही. राजकुमार केसवानी या पत्रकाराने ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकातून १९८२ मध्येच शहराला सावध केले होते, पुन्हा १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’तून लिहिले. हेरकथेत अशा पत्रकाराचा दुसऱ्या भागात खून होतो. केसवानींना कुणी मारले नाही. त्यांचे लिहिणे कुणी मनावर घेतले नाही, एवढेच. पटकथेत हे कसे दाखवणार? न वाचलेल्या वर्तमानपत्राचे दृश्य किती सेकंद टिकेल?

२०२३ च्या नोव्हेंबरात ‘द रेल्वे मेन’ ही चार भागांची मालिका आली. भोपाळ स्टेशनवरचे उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी त्या रात्री गोरखपूरची गाडी वेळेआधी पुढे काढून दिली आणि गाडीभर माणसे वाचवली. त्यांच्यावरून घेतलेली भूमिका के. के. मेननने केली आहे. १९९९ च्या ‘भोपाळ एक्स्प्रेस’ चित्रपटातही तोच नट होता. दस्तगीर २००३ साली गेले, ही मालिका त्यांनी पाहिली नाही. मालिकेत एक काल्पनिक दरोडेखोर घातला आहे. तो नसता तरी चालले असते. त्या फलाटावर धोका कमी पडेल असे निर्मात्यांना का वाटावे, कोण जाणे! पण आमच्या गावातल्या कॉलेजच्या पोरांनी दस्तगीर हे नाव त्या मालिकेमुळेच शोधून काढले, हेही खरे. प्रदर्शनापूर्वी कंपनीच्या दोन शिक्षा झालेल्या माजी अधिकाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे स्थगिती मागितली होती. आपले अपील चालू आहे, त्यावर परिणाम होईल, हे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने स्थगिती दिली नाही. ही शिक्षा २०१० मध्ये झाली होती, दोन वर्षांची. खटल्यातले गंभीर कलम १९९६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने उतरवले होते आणि वॉरन अँडरसन पुन्हा कधी भारतात आलाच नाही. चाळीस वर्षांत ज्या गोष्टीचा निकाल लागला नाही, तिच्या चार तासांच्या रूपांतराने मात्र कुणाला तरी धास्ती वाटली. म्हणून रूपांतराला क्षुल्लक मानायला मी तयार नाही.

दुसऱ्या देशात याच्याशी मिळतेजुळते काम झालेले आहे. २०१९ सालच्या ‘चेर्नोबिल’ या मालिकेचा शेवटचा भाग जवळजवळ सगळा न्यायालयात घडतो. एक शास्त्रज्ञ लाल-निळ्या पट्ट्या लावत आणि काढत अणुभट्टी कशी फुटली ते समजावून सांगतो. मारामारी नाही, पाठलाग नाही. त्यातही एक काल्पनिक शास्त्रज्ञ बाई आहे, अनेक खऱ्या माणसांना एकत्र करून बनवलेली. मला त्यात लबाडी दिसत नाही. ती लेखकाची सोय आहे, आणि तिच्यामुळे दोषाची दिशा बदलत नाही. माझी कसोटी असली तर एवढीच आहे. पात्रे कितीही बनवा, प्रेमप्रकरण घाला, गाणेही घाला हवे तर. पण तुमच्या जोडलेल्या पात्रामुळे खऱ्या घटनेतला दोष एकाच्या खांद्यावरून उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो आहे का, ते पाहा. जात असेल तर ते रूपांतर नव्हे, खोटी साक्ष आहे.

भाच्याला मी नवापूरची आठवण दिली. आपल्या वाचकांना ते स्टेशन सांगायला नको: अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. २००६ च्या फेब्रुवारीत तिथल्या कुक्कुटपालन केंद्रांमध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने गेले भोपाळच्या त्याच प्रयोगशाळेत, जी त्याच्या निर्मात्यांना कुपी चोरण्यासाठी हवी आहे. बर्ड फ्लू असल्याचे १८ फेब्रुवारीला जाहीर झाले. देशातल्या पाळीव पक्ष्यांमधला तो पहिलाच उद्रेक. पुढे लाखो पक्षी मारावे लागले, खड्डे खणून पुरावे लागले, धंदा बुडाला. कुपी कुणी चोरली नव्हती. आत जाताना कपडे बदलणाऱ्या, बाहेर येताना अंघोळ करणाऱ्या, बाहेरच्यापेक्षा कमी दाबाच्या हवेत दिवसभर काम करणाऱ्या माणसांनी एका सीमेवरच्या गावाला उत्तर दिले होते. तो म्हणाला, “मामा, यात पाठलाग नाही.” मी म्हटले, आहे की! नमुन्याची पेटी घेऊन नवापूरहून भोपाळला निघालेला माणूस आहे.

त्याने हसून विषय बदलला. निर्मात्यांशी त्याचे बोलणे अजून चालू आहे. मालिकेतल्या शहराचे नाव बदलण्यास ते तयार झाले आहेत, खलनायक काढण्यास नाहीत, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही; काल्पनिक शहराला काल्पनिक दुष्ट शोभतो. भोपाळच्या कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत बंद वाहनांतून पिथमपूरला गेला आणि जूनअखेर जाळून संपला. माती आणि पाणी तिथेच आहे. भाच्याने तो वाहनांचा ताफा रात्री रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिला. त्याचे काही लिहून ठेवले आहेस का, असे मी विचारले, तेव्हा चार पाने आहेत म्हणाला. ती त्याने निर्मात्यांना अजून दाखवलेली नाहीत.