तालुक्याचे अर्थकारण आणि बातमीदाराची तालीम

मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानावर शेअर बाजार, सोन्याचा भाव, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण आणि केंद्रीय अर्थसंकल्प यांचेच राज्य असते, आणि पत्रकारितेच्या वर्गात आर्थिक वार्तांकन म्हणून जे शिकवले जाते तेही बहुतांशी याच विषयांभोवती फिरते. निफाड किंवा हातकणंगले तालुक्यातील वाचकाचे उत्पन्न मात्र बाजार समितीच्या लिलावात, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आणि गावच्या पतसंस्थेत ठरत असते. या तिन्ही ठिकाणची कागदपत्रे मराठीत असतात, त्यांतील बरीचशी मागितल्यास मिळतातही, पण ती वाचावी कशी हे तेथील बातमीदाराला सहसा कोणीच शिकवलेले नसते.

बाजार समिती प्रत्येक शेतमालाचे रोज तीन दर नोंदवते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण दर म्हणजे पहिल्या दोहोंची सरासरी नव्हे. त्या दिवशी अधिकांश माल ज्या दराच्या आसपास विकला गेला तो दर. बातमीचा मथळा मात्र बहुधा कमाल दराचा होतो, मग तो दर निवडक मालाच्या एकाच ट्रॅक्टरला मिळालेला का असेना. अशा मथळ्यामुळे शहरातील ग्राहक शेतकऱ्यावर चिडतो, खेड्यातील शेतकरी आणखी भाववाढीच्या आशेने कांदाचाळीतला माल धरून ठेवतो, आणि दोघांचीही समजूत चुकीची असते. शिवाय दराशेजारी आवक आणि मालाचा प्रकार दिला नाही, तर खरा दरही दिशाभूल करतो; कारण लाल कांदा फार टिकत नसल्याने लगेच विकावा लागतो, तर उन्हाळ कांदा काही महिने साठवता येतो, म्हणजेच दर एकच असला तरी एका शेतकऱ्यापुढे थांबण्याचा पर्याय नसतो आणि दुसऱ्यापुढे असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यातबंदी झाली, मे २०२४ मध्ये ती किमान निर्यातमूल्याच्या अटीसह उठली आणि एप्रिल २०२५ पासून उरलेले शुल्कही गेले; या काळात आंदोलनांच्या आणि नेत्यांच्या प्रतिक्रियांच्या बातम्यांना जेवढी जागा मिळाली, त्या मानाने हमाली, तोलाई आणि वाहतूक वजा जाता हिशोबपट्टीवर शेतकऱ्याच्या हाती काय उरले, या प्रश्नाला फारच थोडी मिळाली.

उसाच्या बाबतीत गोंधळ वेगळा आहे. रास्त व किफायतशीर दर, म्हणजे ज्याला सर्वजण एफआरपी म्हणतात तो, २०२४-२५ च्या हंगामासाठी टनाला ३,४०० रुपये होता; परंतु तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला लागू होता, आणि महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, त्यानंतर व्याज देणे लागते. एवढे ठाऊक असलेला बातमीदार साखर आयुक्तालयाच्या थकबाकी अहवालावरून जी बातमी काढू शकतो, ती गळीत हंगामाच्या मोळी टाकण्याच्या समारंभात मिळणारी नसते.

कागदपत्रांच्या जोडीला घरोघरी जाऊन माहिती घेण्याची पद्धतही महाराष्ट्राला नवी नाही. संशोधक हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची जमीन, कर्ज आणि मजुरी यांचा घरोघर हिशेब मांडून १९१७ मध्ये प्रसिद्ध केला (आज त्याच गावात निवासी संकुलांच्या रांगा उभ्या आहेत), आणि पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराचीच तशी पाहणी केली. बातमीदाराला संशोधक व्हायचे नाही, हे मान्य. तरीही एका गल्लीतील पन्नास घरांना मिळकतीचे साधन, डोक्यावरचे कर्ज आणि ते देणारा कोण हे विचारत फिरण्याचा सराव कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्याच्या अधिक उपयोगी पडेल.

सर्वांत कठीण धडा पतसंस्थांचा आहे. पतसंस्था ही बँक नसल्याने तिच्यातील ठेवींना बँक ठेवींप्रमाणे पाच लाख रुपयांपर्यंतच्या विम्याचे संरक्षण नसते, ही साधी गोष्टसुद्धा असंख्य ठेवीदारांना माहीत नसते. वार्षिक अहवालात थकबाकीचे प्रमाण आणि लेखापरीक्षणात मिळालेला अ, ब, क किंवा ड वर्ग दिलेला असतो. मात्र केवळ ३१ मार्चच्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण जुने कर्ज कागदोपत्री फेडून घेऊन त्याच कर्जदाराला लगेच नवे देण्याची, म्हणजे ‘नवे-जुने’ करण्याची, रीत सहकारात सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून मार्चअखेरच्या वसुलीबरोबर एप्रिलमधील कर्जवाटपही पाहावे लागते.

येथे प्रशिक्षणाच्या मर्यादा उघड होतात. तालुका बातमीदाराचे मानधन तुटपुंजे असते आणि त्याची खरी कमाई अनेकदा जाहिरातींच्या कमिशनवर होते. त्या जाहिराती देणारे कारखाने, पतसंस्था आणि बाजार समित्या यांच्याच ताळेबंदावर त्याने प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा असते. तेव्हा बातमी आणि जाहिरात एकाच माणसाकडे ठेवणाऱ्या संपादकांना आणि व्यवस्थापकांना वगळून घेतलेले प्रशिक्षण शिबिर अर्धेच ठरते.

पैशाची अडचण दूर झाली तरी वेळेचा पेच उरतोच. अडचणीतील पतसंस्थेची बातमी लवकर दिली तर ठेवीदारांची झुंबड उडून कदाचित तगू शकणारी संस्थाही बुडते, आणि उशिरा दिली तर संचालकांच्या जवळची माणसे आधी पैसे काढून घेतात व अडकतात ते निवृत्त शिक्षक, भाजीवाल्या आणि बचत गटातल्या बायका. यातून मार्ग निघू शकतो तो एकट्या संस्थेची बातमी करण्याऐवजी तालुक्यातील सर्व पतसंस्थांची थकबाकी, लेखापरीक्षण वर्ग आणि संचालकांच्या नातलगांना दिलेली कर्जे दरवर्षी एकाच तक्त्यात, सर्वसाधारण सभांच्या हंगामात, न चुकता छापण्याचा. मग आकडा बिघडतो आहे हे ठेवीदाराला दोन-तीन वर्षे आधी दिसू लागते, आणि चौथ्या वर्षी त्याबद्दल विचारणारा सभासद सभेत स्वतःच उभा राहू शकतो.