पेलाभर पाणी

थंडीपावसात, समोरून झोंबणारा वारा अंगावर घेत एखादा माणूस बेचाळीस किलोमीटर धावतो, तेव्हा आपण त्याच्या जिद्दीचे कौतुक करतो. त्याच पावसात रस्त्याच्या कडेला चार-पाच तास उभा राहून त्याला पाणी देणाऱ्या माणसाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. या दोघांपैकी मोठा कोण, असा प्रश्न विचारणे सोपे आहे. त्याहून अवघड प्रश्न असा आहे की, आपल्या जिद्दीची किंमत नेमकी कोण मोजत असतो? आज आपण या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

अमेरिकेतील बोस्टन शहरात १८९७ सालापासून मॅरेथॉन भरते. हॉपकिन्टन नावाच्या गावातून निघायचे आणि बोस्टनच्या भर वस्तीत पोहोचायचे, असा तिचा मार्ग. १६ एप्रिल २०१८ रोजी ही शर्यत झाली, तेव्हा तेथे वसंत ऋतू असायला हवा होता. प्रत्यक्षात सकाळचे तापमान तीन-चार अंश सेल्सिअस होते, पावसाच्या सरींवर सरी येत होत्या आणि वारा समोरून येत होता. जगातील अनेक नामवंत धावपटूंनी त्या दिवशी शर्यत अर्ध्यावर सोडली. दोन हजारांहून अधिक जणांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली; त्यांतील कित्येकांच्या शरीराचे तापमान धोकादायक रीतीने उतरले होते. तरीही पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी शर्यत पूर्ण केली.

पुरुषांमध्ये पहिला आला जपानचा युकी कावाउची. तो तेव्हा सरकारी नोकरी सांभाळून धावत असे. स्त्रियांमध्ये दुसरी आली सारा सेलर्स, रुग्णालयात भूल देण्याचे काम करणारी एक परिचारिका. आणि पहिली आली डेझिरी लिंडन. १९८५ नंतर प्रथमच एका अमेरिकन स्त्रीने ही शर्यत जिंकली.

लिंडनची गोष्ट त्यानंतर पुष्कळांनी सांगितली. शर्यतीच्या सुरुवातीच्या टप्प्यातच तिला वाटू लागले की आज आपले काही खरे नाही, बहुधा शर्यत सोडावी लागेल. तिने शेजारी धावणाऱ्या शलेन फ्लॅनगनला तसे सांगितले आणि म्हटले, तुला काही मदत लागली तर सांग. पुढे फ्लॅनगनला शौचालयासाठी थांबावे लागले, तेव्हा लिंडन तिच्यासाठी मागे राहिली आणि तिला पुन्हा घोळक्यापर्यंत घेऊन आली. मग तिने मॉली हडल या दुसऱ्या एका धावपटूलाही पुढे जाण्यास हात दिला. असे करता करता तिच्या ध्यानात आले की आपण स्वतःच आघाडीच्या जवळ आलो आहोत. ती धावत राहिली आणि जिंकली. तिची २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंद ही वेळ तेथील विजेत्या स्त्रियांमध्ये चार दशकांतील सर्वांत संथ होती.

ही गोष्ट ऐकली की आपण लगेच तात्पर्य काढतो : दुसऱ्याला मदत करा, देव तुम्हाला यश देईल. पण हे तात्पर्य बरोबर आहे का? समजा, लिंडनने फ्लॅनगनला मदत केली असती आणि पुढच्या दोन मैलांत थंडीने गारठून ती स्वतः रस्त्याच्या कडेला बसली असती, तर तिच्या मदतीचे मोल कमी झाले असते का? मुळीच नाही. फक्त आपल्याला ती गोष्ट कळली नसती, एवढेच. त्या दिवशी त्या रस्त्यावर कुणी कुणाला खांदा दिला, कुणी आपला कोट कुणाच्या अंगावर टाकला, याची नोंद कुठल्याही निकालपत्रात नाही. बक्षीस मिळाले म्हणून चांगुलपणा खरा ठरत नाही. मदतीला यशाची जोड देऊन आपण मुलांना वाढवतो आणि मग एखाद्याने मदत करूनही त्याच्या पदरी अपयशच आले, की त्याला काय सांगावे हे आपल्याला सुचत नाही.

कुणी म्हणेल, तिची स्वतःची आशा सुटली होती म्हणूनच तिला मदत करणे जमले. त्यात मोठेपणा कसला? आम्हाला वाटते, आपल्यापैकी बहुतेकांचे असेच असते. स्वतःच्या यशावरची मूठ थोडी सैल झाली, की शेजारी कोण चालले आहे ते दिसू लागते. आजारपणात, निवृत्तीत, धंद्यात बसलेल्या खोटीत अनेकांना आपले शेजारी प्रथम भेटतात. याची लाज वाटण्याचे कारण नाही. मूठ सैल झाल्यावरही शेजाऱ्याकडे पाहायचे नाही, हे मात्र लाजिरवाणे.

आता रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या स्वयंसेवकांकडे वळू. बोस्टनच्या शर्यतीत ते हजारोंच्या संख्येने असतात. पाण्याची टेबले लावणे, रस्त्यावर पडलेले कागदी पेले गोळा करणे, शर्यत संपवून आलेल्यांच्या अंगाभोवती चंदेरी चादर गुंडाळणे, कोलमडणाऱ्याला धरून वैद्यकीय तंबूत नेणे ही त्यांची कामे. धावणाऱ्याचे अंग निदान हालचालीने थोडे तरी गरम राहते. एका जागी उभ्या असलेल्याचे तेही राहत नाही. धावणारा महिनोन्महिने तयारी करून येतो आणि शेवटी त्याच्या गळ्यात पदक पडते. पेला पुढे करणाऱ्याला बोटे बधिर होईपर्यंत तेच काम करायचे असते आणि ज्याला पाणी दिले तो मागे वळूनही पाहत नाही. पाहू शकत नाही, कारण त्याला पुढे जायचे असते.

संत पौलाने ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा दिली आहे, हे आपण सारे जाणतो. त्या उपमेत पाणी देणाऱ्याला जागा नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात पेलाभर थंड पाणी देणाऱ्याची आठवण प्रभूने स्वतः ठेवली आहे. धावणारा आणि पाणी देणारा हे दोघेही आपल्या श्रद्धेत आहेत. आपण मात्र प्रवचनात पहिल्याचाच उल्लेख अधिक वेळा ऐकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जिद्दीची किंमत कोण मोजतो? त्यासाठी न्यूयॉर्ककडे पाहावे लागेल. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी नावाचे वादळ त्या शहरावर आदळले. स्टेटन आयलंड या भागात समुद्राचे पाणी शिरून वीसहून अधिक माणसे दगावली. न्यूयॉर्कची मॅरेथॉन याच स्टेटन आयलंडवरून सुरू होते आणि ती ४ नोव्हेंबरला ठरलेली होती. महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी आधी शर्यत होणार असे सांगितले. त्यामागे वाईट हेतू नव्हता. शर्यतीमुळे खचलेल्या शहराला धीर येईल, छोट्या व्यावसायिकांना चार पैसे मिळतील, असे त्यांचे म्हणणे होते. पण लोक अंधारात बसलेले असताना शर्यतीच्या तंबूंसाठी सेंट्रल पार्कमध्ये आणलेले जनरेटर त्यांना दिसत होते. पोलीस शोधकार्य करणार की रस्त्यावर दोर धरून उभे राहणार, असे लोक विचारू लागले. स्टेटन आयलंडवरील एका हॉटेलमालकाने, घर गमावून आपल्याकडे राहिलेल्यांना बाहेर काढून धावपटूंना खोल्या देण्यास नकार दिला. अखेर २ नोव्हेंबरला शर्यत रद्द झाली.

पाऊस-वाऱ्याने गाजलेल्या या दोन शर्यती. बोस्टनला धावणे योग्य होते आणि न्यूयॉर्कला थांबणे योग्य होते, असे आम्हाला वाटते. फरक हवामानात नव्हता. बोस्टनला धावणारा स्वतःच्या अंगावरचा त्रास सोसत होता आणि त्याला पाणी देणारा स्वखुशीने आलेला होता. न्यूयॉर्कला धावणाऱ्याच्या वाट्याला आलेली वीज, खोली आणि पोलीस ही दुसऱ्या कुणाची तरी तातडीची गरज होती. माझा त्याग मी माझ्या पदरचा करावा. शेजाऱ्याच्या पदरचा करून त्याला जिद्द म्हणू नये.

जगभरातून आलेल्या हजारो धावपटूंचा यात काही दोष नव्हता. त्यांची तयारी वाया गेली, पैसे गेले, मने दुखावली. पण त्या रविवारी त्यांच्यापैकी शेकडो जण पाठीवरच्या पिशव्यांत मदतीचे सामान भरून बोटीने स्टेटन आयलंडला गेले आणि घरोघरी पोहोचले. ज्या पायांनी शर्यत धावायची, त्याच पायांनी त्यांनी चिखल तुडवला. धावणारेच पाणी देणारे झाले.

आपल्या वसई-विरारमध्येही २०११ साली मॅरेथॉन सुरू झाली आणि आपली पोरे तिच्यात धावली. त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. रस्त्याच्या कडेला पाणी घेऊन कोण उभे होते, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

घरातही असेच असते. मुलाची परीक्षा, वडिलांचा धंदा, कुणाची निवडणूक, कुणाची समाजसेवा : प्रत्येकाची एक शर्यत असते आणि तिच्यासाठी घरातले कुणी तरी मुकाट्याने पावसात उभे असते. ते स्वखुशीने उभे आहे की त्याला कुणी विचारलेच नाही, हे आपण या आठवड्यात एकदा विचारून पाहू या. आणि आपण धावत असू तर निदान एकदा थांबून, पेला देणाऱ्या हाताकडे पाहू या. त्या एका क्षणाने आपली वेळ थोडी वाढेल. वाढू द्यावी.