मांडवातले खोटे

लग्नाच्या रिसेप्शनला हातात ग्लास घेऊन बोलणाऱ्या माणसाला कोणी कोर्टासारखी शपथ घ्यायला लावत नाही, हे समाजाचे मोठेच शहाणपण म्हणायचे. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत मी असे पुष्कळ टोस्ट ऐकले आहेत. घरोब्यातले एखादे काका कोट सावरत माइकपाशी येतात आणि जाहीर करतात, की नवरदेव म्हणजे नम्रता, कर्तबगारी आणि वक्तशीरपणा यांचा पुतळा! नवरदेव चर्चमध्ये पाऊण तास उशिरा आलेला असतो. तरी आपण ग्लास उंचावतोच.

आता हे पाप की पुण्य? महाभारतात याचा निकाल केव्हाच लागलाय. आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला सांगते, की पाच ठिकाणचे खोटे पातक नसते. थट्टेतले, प्राणावर बेतल्यावरचे वगैरे. आणि त्या पाचांत लग्नाची वेळही आहे! म्हणजे काकांना थेट व्यासांचे सर्टिफिकेट. फक्त एवढेच, की शर्मिष्ठेचे ऐकणाऱ्या ययातीला पुढे शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आले.

कारण या सवलतीत काका एकटे बसत नाहीत. 'मुलगा अगदी निर्व्यसनी हो!' हे वाक्यही त्याच कलमाखाली सुटू पाहते. ते लग्न ठरायच्या आधी बोलले जाते, त्यावर विसंबून एक मुलगी घर सोडते आणि त्याची किंमत जन्मभर मोजते. काकांच्या भाषणावर विसंबून कोणी आइस्क्रीमची दुसरी प्लेटसुद्धा घेत नाही.

मला वाटते, फरक व्याकरणाचाही आहे. 'मुलगा गुणी आहे' हा वर्तमानकाळ. तो खरा किंवा खोटा ठरतो. पण पोर्तुगीज माणूस ग्लास उंचावून 'साऊद' म्हणतो, म्हणजे नुसते 'आरोग्य'. आपली आजी म्हणते, 'सुखाने नांदा.' आशीर्वादाला खोटे बोलताच येत नाही. काकांचे 'वक्तशीर आहे' हासुद्धा वेषांतर केलेला आशीर्वादच : 'बाबा रे, आता तरी हो!' आणि चारशे माणसांसमोर झालेली स्तुती माणसाला थोडी तरी निभवावी लागते.

म्हणून मांडवातल्या स्तुतीला मी बिनदिक्कत टाळ्या वाजवतो. कांदेपोहे खाताखाता केलेल्या स्तुतीला मात्र व्यासांचे सर्टिफिकेट चालत नाही. तिथे मुलाच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करावी.