एकाच उंचीचा दंड किती वेळा?

५ फूट ९ इंच. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात हा आकडा अभिमानानं लिहिला जातो. पण अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, कॉर्नरबॅकच्या जागेवर खेळायचं असेल तर याच आकड्याचा माणूस बुटका ठरतो. तो कितीही वेगानं धावत असला, तरी त्याच्याबद्दलचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा उंचीचंच असतं.

असा बुटका कॉर्नरबॅक एनएफएलमध्ये यशस्वी होऊ शकतो का, यावर चाहते वर्षानुवर्षं भांडतात. मी हा खेळ बघायला लागलो तेव्हा मलाही हा प्रश्न खेळाचाच वाटायचा. आता तो मला न्यायाचा वाटतो.

आधी कॉर्नरबॅकचं काम काय ते बघू. समोरच्या संघाचा वाइड रिसीव्हर पास झेलायला धावतो. त्याला तो झेलू द्यायचा नाही, हे कॉर्नरबॅकचं काम. गंमत अशी, की कुठं वळायचं हे रिसीव्हरला आधीच माहीत असतं, कॉर्नरबॅकला नसतं. त्यामुळे सुरुवातीची पावलं तो बऱ्याचदा उलटा धावत असतो. १९७८च्या नियमानुसार पहिल्या पाच यार्डांनंतर रिसीव्हरला धक्के देत अडवताही येत नाही. आणि समोर कोण असेल? डेट्रॉइटचा कॅल्विन जॉन्सन ६ फूट ५ इंचांचा होता. असा माणूस उडी मारून हात वर करतो, तेव्हा चेंडू कुठं फेकायचा हे क्वार्टरबॅकला वेगळं सांगावं लागत नाही.

इथं आपल्यापैकी कुणीतरी लगेच सचिनचं नाव काढेल. गावसकर आणि तेंडुलकर, दोघेही ५ फूट ५ इंचांच्या आसपास, मग उंचीचं एवढं काय? पण ही तुलना इथं लागू पडत नाही. बॅट्समनला बॉलरच्या शेजारी उभं राहून एकाच चेंडूसाठी उडी मारावी लागत नाही. कॉर्नरबॅकला ती मारावी लागते. त्याची उंची नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी उंचीशेजारी मोजली जाते. म्हणजे इथं उंचीचा संबंध आहे. संघ मूर्ख नाहीत.

म्हणूनच मोजपट्टीचा मला राग नाही. दरवर्षी हिवाळा संपता संपता इंडियानापोलिसमध्ये कंबाईन भरतं. कॉलेजमधून आलेल्या खेळाडूंचं वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी, सगळं मोजलं जातं. उंची तर इंचाच्या आठव्या भागापर्यंत. मग ४० यार्डांची धाव, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. मुलांना बाजारातल्या जनावरांसारखं मोजतात, अशी टीका होते, आणि बघताना अस्वस्थ वाटतंच. पण शेकडो मुलांतून मोजकी निवडायची तर आकडा कुठंतरी लागणारच. आकडा गर्दीबद्दल बरंचसं खरं सांगतो. एका माणसाबद्दल तो कमी सांगतो.

किती कमी, हे डॅरेल ग्रीनकडे बघून कळतं. उंची ५ फूट ९ इंच. १९८३च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टननं त्याला पहिल्या फेरीत सगळ्यात शेवटी, २८व्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या पहिल्याच सामन्यात डॅलसचा टोनी डॉर्सेट चेंडू घेऊन सुटला, तेव्हा ग्रीननं मैदानाच्या दुसऱ्या बाजूनं धावत येऊन त्याला मागून पकडलं. पुढं तो २० हंगाम खेळला, सगळे वॉशिंग्टनकडूनच. ५४ इंटरसेप्शन्स आणि २००८मध्ये हॉल ऑफ फेम. तेव्हा 'होऊ शकतो का?' या प्रश्नाचं उत्तर कधीच मिळालेलं आहे. होऊ शकतो.

पण या उत्तरापासून एक घोषणा तयार होते, आणि तिची मला भीती वाटते. 'उंची नाही, जिगर बघा.' ऐकायला छान, स्टेटसला ठेवायला त्याहून छान. पण ती खोटी आहे. ग्रीन जिगरीवर नाही, वेगावर टिकला. लीगमधला सगळ्यात वेगवान खेळाडू ठरवायची स्पर्धा तो चार वेळा जिंकला होता. अँटवन विनफिल्ड, हाही ५ फूट ९चा, टिकला तो टॅकलिंगवर. आपल्यापेक्षा कितीतरी जड माणसांना तो खाली पाडायचा. यांच्याकडे उंचीच्या बदल्यात द्यायला काहीतरी ठोस होतं.

आणि ही घोषणा क्रूरही आहे. दर उन्हाळ्यात प्रत्येक संघाच्या शिबिरात ९० जण येतात आणि हंगाम सुरू होण्याआधी ५३ उरतात. घरी परतणाऱ्यांत बुटके कॉर्नरबॅकही असतात. त्यांची नावं तुम्हाला-मला माहीत नाहीत, कारण आपल्यापर्यंत फक्त ग्रीन पोचतो. जिगर असली की जमतंच, असं एकदा मान्य केलं, की परत गेलेल्या त्या पोरांच्या माथी आपण काय मारतो? तुमच्यात जिगर नव्हती, हेच. उंची कमी म्हणून आधी जागा गेली, आता इज्जतही गेली.

मग अन्याय नेमका कुठं होतो? माझ्या मते मोजताना नाही, मोजून झाल्यावर.

सामना बघताना कॉमेंट्री नीट ऐका. ६ फूट २ इंचांचा नवखा कॉर्नरबॅक फसला, रिसीव्हर त्याला चकवून पुढं गेला, की म्हणतात, 'अनुभव कमी आहे, शिकेल.' ५ फूट ९ इंचांचा त्याच चालीला फसला, की म्हणतात, 'शेवटी उंची नडलीच.' चूक एकच. पण एकाच्या बाबतीत ती सुधारण्यासारखी, दुसऱ्याच्या बाबतीत जन्मजात. पहिल्याला त्यातून धडा मिळतो, दुसऱ्याला निकाल.

काही चुका खरंच उंचीच्या असतात. एंड झोनच्या कोपऱ्यात चेंडू उंच टाकला आणि हात पोचला नाही, तर ती उंची. पण आत वळण्याची हूल देऊन रिसीव्हर बाहेर पळाला आणि कॉर्नरबॅक हुलीला भुलला, तर त्यात उंचीचा काय संबंध? तिथं डोळे चुकले, पाय चुकले. ते सहा फुटी माणसाचेही चुकतात.

शिवाय उंचीची किंमत त्या मुलानं आधीच मोजलेली असते. ड्राफ्टमध्ये तो खालच्या फेरीत गेला, कदाचित निवडलाच गेला नाही. खालच्या फेरीत जाणं म्हणजे कमी पैसे, आणि संघानं फार काही गुंतवलेलं नसल्यामुळे सोडून देणंही सोपं. एवढा दंड भरून तो मैदानावर उतरतो, आणि तिथं प्रत्येक चुकीला तोच दंड पुन्हा लावला जातो. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको, हे आपण कायद्यात मानतो. इथं तर गुन्हाही नाही.

रॉन्डे बार्बरची गोष्ट मला म्हणून महत्त्वाची वाटते. ५ फूट १० इंच, १९९७च्या ड्राफ्टमध्ये तिसरी फेरी. टँपा बेकडून पहिल्या हंगामात तो जेमतेम एक सामना खेळला. तिथंच त्याची फाईल बंद करता आली असती. पण संघ थांबला. टँपाची बचावाची पद्धत अशी होती, की त्याला प्रत्येक चेंडूला उंच रिसीव्हरमागे एकट्यानं धावायचं नव्हतं. आपला भाग राखायचा, खेळ वाचायचा आणि संधी दिसली की थेट क्वार्टरबॅकवर झडप घालायची. तो १६ हंगाम टिकला. ४७ इंटरसेप्शन्स, २८ सॅक्स आणि २०२३मध्ये हॉल ऑफ फेम. यात गुण त्याचे होतेच. पण ते दिसेपर्यंत कुणीतरी वाट पाहिली, आणि ते वापरता येतील अशी जागा त्याला दिली. 'त्यानं करून दाखवलं' म्हणताना हे दुसरं अर्धं वाक्य आपण गाळतो.

यावर एखादा कोच म्हणेल, 'माझ्याकडे जागा ५३ आणि नोकरी माझी टांगणीला. प्रत्येकाला चुका करायला वेळ कुठून आणू?' हे म्हणणं खोटं नाही. मोजपट्टी जे सांगते ते सामन्याआधी धरून चालणं रास्तच आहे, कारण तेव्हा दुसरं काही हातात नसतं. पण खेळ बघायला मिळाल्यावरही जो मोजपट्टीच बघत बसतो, त्यानं बघणं सोडलेलं असतं. मी कोचकडे दया मागत नाही. त्यानं दर चुकीला एवढंच विचारावं: हेच उंच पोराकडून झालं असतं, तर मी काय म्हणालो असतो?

हा प्रश्न फुटबॉलपुरता राहत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी मीटिंगमध्ये अडखळली, की 'इंग्लिश मीडियम नाही ना' हे कारण तयार असतं. कॉन्व्हेंटचा मुलगा तसाच अडखळला, तर तो 'आज जरा नर्व्हस' असतो. त्या मुलीला शाबासकीची भाषणं नकोत. तिची चूक साधी चूक म्हणून मोजली गेली, तरी पुरे.

तेव्हा बुटका कॉर्नरबॅक यशस्वी होईल का, असं कुणी मला विचारलं, तर मी त्याची उंची विचारणार नाही. चुकायची मुभा त्याला किती वेळा मिळणार आहे, ते विचारेन. उंचाला मिळते तेवढीच मिळणार असेल, तर उरलेलं त्याचं त्याला बघू द्या. मग हरला, तरी तो स्वतःच्या खेळामुळे हरेल. हरण्यावरही माणसाचा तेवढा हक्क असतो.